परदेशी शाळेशी देवाणघेवाण: सीमाभागातल्या शिक्षकांसाठी पहिल्या वर्षाची तयारी

परदेशातल्या शाळेशी देवाणघेवाण करू या, असं स्टाफरूममध्ये म्हणून बघा. पहिला प्रश्न येतो, "तिकिटं कोण काढणार?" आणि दुसरा, "आमच्या पोरांना तेवढं इंग्रजी कुठलं?" पहिल्या वर्षापुरते हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवता येतात. पहिल्या वर्षी कुणी कुठे जात नाही, आणि इंग्रजी लागतं ते मोडकंतोडकं चालतं.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. हा उपक्रम आठवी-नववीच्या वर्गांसोबत करत आलो आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणीकडून शिक्षकांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं. कारवारकडच्या हलियाळ-जोयड्याला आणि बिदरकडच्या भालकी-औरादलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टं मान्य केली, मुदत २०३० ची. त्यातल्या चौथ्या उद्दिष्टात ४.७ हे लक्ष्य आहे आणि जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण त्यात येतं. बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला पत्र लिहाल तेव्हा हा क्रमांक घाला, फाईल लवकर हलते. वर्गापुरता अर्थ साधा आहे: दोन देशांतली मुलं एकच गोष्ट मोजतात, एकमेकांना प्रश्न विचारतात आणि आपल्या गावात त्यावर काही करता येईल का ते बघतात.

१. विषय आधी, देश नंतर

बहुतेक शाळा उलटं करतात. ओळखीतून कुणाची तरी परदेशातली शाळा मिळते आणि मग "आता बोलायचं काय?" म्हणून लेझीम, फेटे, नऊवारी बाहेर निघतात. एखादी भेट तशी छान जाते. तिसऱ्या भेटीला तिचं स्नेहसंमेलन होतं आणि चौथी होतच नाही.

विषय असा हवा की जो मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे, मोजता येतो आणि पलीकडेही आहे. आपल्या जिल्ह्यात असे विषय शोधावे लागत नाहीत.

*ऊस आणि साखर.* माझ्या मते सीमाभागासाठी याहून चांगला विषय नाही. चिकोडी, अथणी, कागवाड, हुक्केरीच्या मुलांना गळीत हंगाम समजावून सांगावा लागत नाही. युरोपात साखर बीटपासून होते आणि जर्मनी-फ्रान्समधल्या कारखान्यांचा हंगामही साधारण सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत चालतो. म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी रस्त्यावर गाड्या आणि हवेत कारखान्याचा वास! मुलांना तुलनेला भरपूर मिळतं. ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा असतो, बीट वसंतात पेरून त्याच वर्षी काढतात. आपल्याकडे टनामागे साधारण शंभर किलो साखर निघते, बीटमध्ये साखरेचं प्रमाण १६ ते १८ टक्क्यांच्या आसपास असतं. तिकडे काढणी मोठी यंत्रं करतात, इकडे बीडकडून आलेल्या टोळ्या कोयत्याने करतात. एवढं समोर मांडलं की प्रश्न मुलंच विचारतात: विहिरीवरचा पंप किती तास चालतो? ठिबक किती जणांकडे आहे? मळी कुठे जाते? आणि टोळीतल्या मुलांची शाळा कुठे असते? हा शेवटचा प्रश्न पलीकडून हमखास येतो. त्याला टाळाटाळ करू नका. गावाबाहेर पालं पडली असतील तर मुलांनी तिथं जाऊन बोलावं, मग उत्तर लिहावं.

*पाऊस.* खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीत मलप्रभा उगम पावते, तिथं पावसाळाभर घराबाहेर पडणं मुश्कील. तीच नदी सौंदत्ती-रामदुर्गकडे जाते तेव्हा लोक टँकरची वाट बघत असतात. एकाच जिल्ह्यात हे दोन टोकांचे पाऊस आहेत. पर्जन्यमापक घरी करता येतो: सरळ भिंतीची बाटली, वर तिचाच कापलेला गळा उलटा, तळाचा खोलगट भाग खडे आणि पाण्याने भरून शून्याची रेघ. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे कळलं की मुलं शाळेच्या छपराचं क्षेत्रफळ काढायला स्वतःच टेप घेऊन धावतात.

*महापूर.* ऑगस्ट २०१९ चा कृष्णाकाठचा पूर आपल्याकडे विसरणं शक्य नाही. जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात जुलै २०२१ मध्ये असाच हाहाकार झाला. दोन्हीकडच्या मुलांनी आजोबा-आजींना विचारून जुन्या पुरांच्या खुणा नकाशावर मांडल्या तरी वर्षाचं काम होतं.

निपाणीचा तंबाखू, भीमगडचं जंगल, खानापूरची कौलं आणि मातीची भांडी, बेळगावचा बळ्ळारी नाला हेही विषय होऊ शकतात. म्हादई नदीच्या पाण्याचा विषय मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. तीन राज्यांचा वाद आहे, मुलांपेक्षा मोठी माणसंच त्यात बोलत बसतील.

२. पहिला जोडीदार कुंपणापलीकडचा

आपल्या कितीतरी गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात आहेत, काही ठिकाणी उर्दूही. खेळाचं मैदान एक, माध्यान्ह आहाराचं स्वयंपाकघर एक, वर्ग मात्र वेगळे. परदेशी मेल पाठवण्याआधी महिनाभर हाच उपक्रम त्या शाळेसोबत करा. तीच प्रश्नावली, तेच पर्जन्यमापक, दोन भाषांत नोंदी. ज्या मुलांना दहा पावलांवरच्या वर्गात जाऊन "तुमच्या घरी पाणी कुठून येतं?" असं विचारता येत नाही, त्यांना ते डेन्मार्कला विचारायला लावणं मला तरी पटत नाही.

यातून दोन फायदे निघतात. प्रश्नावलीतल्या चुका घरच्या घरी कळतात. आणि दोन्ही माध्यमांच्या शाळा एकत्र आल्या की परवानगीचं पत्र कुठल्याही टेबलावर अडत नाही. का, ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको.

३. परदेशी शाळा शोधताना

वाटा बऱ्याच आहेत. आयअर्न हे शिक्षकांचं जाळं १९८८ पासून चालू आहे, तिथं आधीच चालू असलेल्या प्रकल्पात सामील होता येतं. नासाच्या पाठबळावर १९९५ पासून चालणारा ग्लोब कार्यक्रम मोजमापासाठी उत्तम. शिक्षकांचं प्रशिक्षण ऑनलाइन आणि फुकट, आणि मुलांनी घेतलेल्या नोंदी जगभरच्या नोंदींसोबत दिसतात. त्यात पावसाची आणि तापमानाची नोंद सूर्य माथ्यावर असतानाच्या वेळेला घ्यावी लागते. आपल्याकडे ती वेळ साडेबाराच्या आसपास येते, म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी थोडी. नोंदीची पाळी लावताना हे लक्षात ठेवा, नाहीतर ताट हातात घेतलेलं पोरगं थर्मामीटर बघायला जाणार नाही. इको-स्कूल्स हा कार्यक्रम भारतात अहमदाबादचं सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन चालवतं. युनेस्कोच्या सहयोगी शाळांचं जाळं १९५३ पासून आहे, पण तो अर्ज दिल्लीमार्गे जातो, त्याला वेळ लागतो. युरोपचं ई-ट्विनिंग नावाचं व्यासपीठ बरेच जण सुचवतात. त्यात भारत नाही, तिथं नाव नोंदवण्यात दिवस घालवू नका.

आता माझं खास मत. इंग्लंड-अमेरिकेच्या मागे लागू नका. तिकडची मुलं भरभर बोलतात, आपली गप्प बसतात. ज्यांच्यासाठीही इंग्रजी शिकलेलीच भाषा आहे, तिथली शाळा घ्या: जर्मनी, डेन्मार्क, इटली, जपान. दोन्हीकडून सारखंच अडखळत बोलणं होतं आणि मुलांची भीड चेपते.

आणि जमलं तर सीमाभागातल्या शाळेला सीमाभागातलीच शाळा शोधा. १९२० च्या सार्वमतानंतर जर्मनी-डेन्मार्कची हद्द ठरली तेव्हा दक्षिणेला डॅनिश बोलणारे राहिले आणि उत्तरेला जर्मन. १९५५ मध्ये दोन्ही सरकारांनी त्यांच्या हक्कांबद्दल जाहीरनामे काढले, आणि आजही दोन्हीकडे अल्पसंख्याकांच्या भाषेतल्या शाळा चालतात. इटलीच्या दक्षिण टायरोलमध्ये जर्मन माध्यमाच्या शाळा आहेत, फिनलंडमध्ये स्वीडिश माध्यमाच्या. घरात एक भाषा आणि सरकारी फॉर्मवर दुसरी म्हणजे काय, हे तिथल्या मुलांना समजावत बसावं लागत नाही. मेलच्या पहिल्याच ओळीत "आम्ही भाषिक अल्पसंख्याक शाळा आहोत" असं लिहिलं की उत्तर येण्याची शक्यता वाढते, हा माझा अनुभव.

त्या पहिल्या मेलमध्ये एवढंच असू द्या: शाळा कुठे आहे, मुलं किती आणि कितवीची, विषय कोणता, कोणत्या महिन्यांत काम करायचं आणि आठवड्याला किती वेळ देता येईल. शाळेचा इतिहास, संस्थापकांचे फोटो, मिळालेले पुरस्कार नकोत.

४. कागदपत्रं

ऑनलाइन कामासाठीही कागद पक्के ठेवा. वर्ष नीट चाललेलं असताना एखाद्या पालकाची तक्रार आली की सगळ्यात आधी फाईलच मागतात. लागतात ती अशी:

- सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीचा (शाळा विकास समितीचा) ठराव, अनुदानित असेल तर संस्थेचा
- हेडमास्तरांच्या सहीने बीईओ ऑफिसला माहितीचं पत्र. बेळगाव आणि चिकोडी हे वेगळे शैक्षणिक जिल्हे आहेत, प्रत त्या त्या डीडीपीआयना (शिक्षण उपसंचालकांना). पत्र कन्नडमध्येही जोडा
- प्रत्येक मुलाच्या पालकांचं संमतिपत्र, मराठीत, त्यांना वाचून दाखवून सही घेतलेलं
- दोन्ही शाळांमधलं एक पानी करारपत्र: विषय, कालावधी, जबाबदार शिक्षक, फोटोंचे नियम

संमतिपत्रात फोटो, व्हिडिओ आणि नाव यांची संमती वेगवेगळी घ्या. आपल्या २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि पालकांची संमती बंधनकारक आहे. युरोपातल्या शाळा याबाबतीत आपल्यापेक्षा कडक असतात. मुलांची आडनावं, पत्ते, फोन नंबर पलीकडे द्यायचे नाहीत. मुलांचा थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर अजिबात नको, सगळी देवाणघेवाण शिक्षकांच्या मेलवरून.

एक सापळा आपल्या भागाचा खास. कार्यक्रम झाला की कुणीतरी उत्साहाने पडद्यावरच्या परदेशी मुलांसकट फोटो पेपरला पाठवतो. दुसऱ्या दिवशी चौकटीत बातमी, आणि आठवड्याभरात पलीकडच्या शाळेचं खरमरीत पत्र. त्यांच्या पालकांची परवानगी तुमच्याकडे नसते. बातमी द्यायचीच असेल तर आपल्या मुलांच्या हातातल्या तक्त्यांचा फोटो द्या.

५. वेळ जुळवणं

जर्मनी, डेन्मार्क, इटली हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात आणि उन्हाळ्यात साडेतीन. घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. आपण दुपारी दोनला बसलो तर तिकडे हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा. त्या रविवारनंतरच्या आठवड्यात भेट असेल तर आदल्या दिवशी खात्री करा, नाहीतर एक वर्ग तासभर पडद्यासमोर बसून राहतो. जपान साडेतीन तास पुढे आहे, म्हणून तिकडची भेट सकाळी दहालाच घ्यावी लागते.

महिन्यांचं गणित जास्त अवघड. आपली शाळा जूनच्या सुमारास भरते, तेव्हा युरोपात वर्ष संपत आलेलं असतं. ऑक्टोबरात आपली दसऱ्याची सुट्टी, त्यांची शरदाची. मार्चमध्ये आपल्याकडे परीक्षा. उरतो नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंतचा आणि मग जानेवारी-फेब्रुवारीचा काळ. ऊस-बीटचा विषय घेतला असेल तर नेमका हंगाम सापडतो. १ नोव्हेंबरला इकडे राज्योत्सव आणि काळा दिवस दोन्ही असतात, त्याच्या आसपास भेट ठेवू नका. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा शहरातल्या शाळांनी बंदोबस्त आणि वळवलेले रस्ते धरूनच तारीख घ्यावी. दहावीला यात ओढू नका, एसएसएलसीचं वर्ष आहे, पालक ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.

६. काम आधी, भेट नंतर

थेट व्हिडिओ भेट हा उपक्रमाचा सगळ्यात छोटा भाग असावा. वीज जाते, रेंज जाते, आवाज घुमतो. त्यातून फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटांची मर्यादा, आणि गूगल मीटवर तिघांपेक्षा जास्त जण असले की तासाची. चाळीस मिनिटांत साठ मुलं बोलू शकत नाहीत.

म्हणून आधी सहा-आठ आठवडे न भेटता काम करा. आठवड्याला एक प्रश्न. मुलं पाच-पाचच्या गटात उत्तर शोधतात, एक तक्ता, दोन फोटो आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ करतात. बोलणं मराठीत झालं तरी चालेल, खाली इंग्रजी ओळी लिहा. पलीकडचा गट तेच करतो. शुक्रवारी दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी शेजारी मांडायचे आणि एकच विचारायचं: फरक का आहे?

या टप्प्यावर शिक्षकाने गप्प राहायचं असतं, जे आपल्याला फार जड जातं. "आमच्याकडे सगळं वाईट, त्यांच्याकडे सगळं चांगलं" असं मुलं पटकन म्हणून टाकतात. तेव्हा आकडे पुन्हा बघायला लावा. आपल्या घरांत माणशी प्लास्टिक किती निघतं, किती कपडे धाकट्या भावंडाकडे जातात, उसाचं वाढं जनावरांना कसं जातं, हे मोजल्यावर चित्र बदलतं. उलटा सूरही येतो, "आपली संस्कृतीच पर्यावरणपूरक" वगैरे. त्याला शाळेमागचा नाला दाखवावा.

थेट भेटीच्या दिवशी फोनचं हॉटस्पॉट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं, चार्ज केलेला यूपीएस आणि वेगळा माईक एवढं जवळ ठेवा. प्रश्न दोन दिवस आधी एकमेकांना पाठवलेले असू द्यात. बोलणारी सहा-सात मुलं पुरेत, दर भेटीला वेगळी.

"तुम्ही कर्नाटकात आहात, मग मराठी कसे?" हा प्रश्न येणारच. मुलाला अडवू नका आणि त्याच्या तोंडी भाषणही घालू नका. नकाशा दाखवू दे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, घरात मराठी बोलतो, शाळेत कन्नडही शिकतो, एवढं त्याला सांगता आलं पाहिजे. कन्नड शाळेतली मुलं शेजारी बसलेली असतील तर त्यांनाही त्यांच्या बाजूने बोलू द्या. मग पलीकडच्या मुलांना त्यांच्या हद्दीची गोष्ट विचारा. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगल्या गप्पा इथेच रंगतात.

७. पैसे आणि पार्सलं

तीन-चार महिन्यांनी पलीकडून एक प्रेमळ मेल येतो: "आमच्या मुलांनी तुमच्यासाठी निधी गोळा केला आहे, कुठे पाठवू?" इथे थांबा. परदेशातून पैसे किंवा वस्तू देणगी म्हणून घ्यायच्या तर २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली संस्थेची नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठराविक शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर घेणं तर सरळ गुन्ह्यात जाण्यासारखं आहे. नम्रपणे नाही म्हणा.

कायद्याशिवायही मी नाहीच म्हणेन. एकदा मदत घेतली की पुढच्या पत्रांत आपली मुलं आभार मानत राहतात आणि प्रश्न विचारणं थांबतं.

पार्सलमध्ये मुलांची चित्रं, पत्रं, तक्ते पाठवा. बेळगावचा बासमती, उसाची कांडी, शेतातली माती, वाळलेली पानं पाठवायची हौस सगळ्यांना येते. वनस्पती, बियाणं आणि मातीवर बहुतेक देशांत निर्बंध आहेत, पार्सल तिकडच्या कस्टममध्ये अडकतं किंवा नष्ट केलं जातं. पोस्टात कस्टमचा फॉर्म भरताना वस्तूंची नावं स्पष्ट लिहा, नुसतं "भेटवस्तू" चालत नाही.

८. प्रत्यक्ष जाणं-येणं

हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि झालं तरच. एकट्या मुलासाठी रोटरी युथ एक्स्चेंजसारखे कार्यक्रम आहेत, साधारण १५ ते १९ वयासाठी. बेळगावात रोटरीचे क्लब आहेत, तिथं चौकशी करा. शाळेने गट न्यायचा तर शिक्षकांना खात्याचं ना हरकत पत्र आधी लागतं.

पासपोर्टला मुलांच्या बाबतीत वेळ लागतो तो नावांमुळे. आपल्याकडे नाव मराठीतून कन्नडमध्ये, कन्नडमधून इंग्रजीत जातं आणि दर फेरीला एखादं अक्षर बदलतं. गावडेचं एका कागदावर एक स्पेलिंग, सॅट्सच्या (शिक्षण खात्याच्या ऑनलाइन) नोंदीत दुसरं, आधारवर तिसरं. कुठे नुसती आद्याक्षरं असतात, ती पासपोर्टला चालत नाहीत, पूर्ण नाव लागतं. जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद एकसारखी करून मगच अर्ज करा. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव सरकारी कागदांवर बेळगावी झालं, त्याआधीच्या दाखल्यांवर जुनं नाव आहे. अर्जात एकच नाव सगळीकडे वापरा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट डी लागतं. बेळगावात टपाल खात्याच्या इमारतीत पासपोर्ट सेवा केंद्र आहे, हुबळीला जायची गरज नाही.

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी तो गेलेला हवा, आणि तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. शिक्षकांसोबत अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्या शाळकरी मुलांना व्हिसाची फी माफ असते, हे अनेक एजंट सांगत नाहीत. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार मात्र वेगळा भरावा लागतो. कोणत्या शहरात अर्ज करायचा ते राहत्या पत्त्यावरून ठरू शकतं. पुणे सोयीचं वाटतं म्हणून थेट तिकडे मुलांना घेऊन जाऊ नका, आधी विचारा.

आणि पाहुणे आपल्याकडे आले तर? परदेशी माणूस ज्या घरात किंवा लॉजवर उतरतो, त्या यजमानाने तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. आजवर लोक याला फॉर्म सी म्हणत आले आहेत. गावातल्या पालकांच्या घरी मुलं उतरवणार असाल तर ही जबाबदारी त्या पालकांवर येते. त्यांना हे आधी सांगा, लॉगिन तुम्हीच काढून द्या आणि स्थानिक पोलीस ठाण्यात पाहुण्यांची यादी आधीच नेऊन द्या. पाहुणे जुलैत येतो म्हणाले, कारण तेव्हा त्यांना सुट्टी असते, तर कणकुंबी-जांबोटीच्या पावसाची कल्पना त्यांना द्या. छत्री पुरत नाही, गमबूट घेऊन या म्हणून सांगा.